श्रद्धेचे बंधन कोणावर?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत. विषय वेगवेगळे असले तरी चारही पत्रे वाचताना मला एकच गोष्ट खटकत राहिली. आपल्या श्रद्धेचा भार आपण किती सहजपणे दुसऱ्याच्या खांद्यावर टाकतो!

प्रश्न : विधानसभेच्या मागील निवडणुकीत मतदानाच्या दोन दिवस आधी, रात्री, एका उमेदवाराची माणसे आमच्या वस्तीवर आली. ताटात भंडारा आणि बेलाची पाने होती, खाली पाकिटे होती. घरटी एका कर्त्या पुरुषाने बेलभंडार उचलून ‘आमच्या घरातली सगळी मते तुम्हालाच’ अशी शपथ घ्यायची होती. माझ्या यजमानांनी ती घेतली. मी मात्र मला योग्य वाटलेल्या उमेदवाराला मत दिले. पुढच्याच महिन्यात धाकटा मुलगा झाडावरून पडला आणि त्याचा हात मोडला. खंडोबा आमचे कुलदैवत. सासूबाई म्हणतात, घरातल्या कोणीतरी शपथ मोडली, त्याचाच हा कोप आहे. मी कोणाला काही सांगितलेले नाही. माझ्या हातून पाप घडले का?
— एक गृहिणी, सोलापूर जिल्हा

उत्तर : ताई, आपल्या हातून पाप घडलेले नाही आणि मुलाच्या मोडलेल्या हाताचा आपल्या मताशी काडीचाही संबंध नाही. हे मी केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. धर्माच्या दृष्टीनेही ते तसेच आहे, आणि का ते जरा विस्ताराने सांगायला हवे, कारण प्रत्येक निवडणुकीनंतर अशी दोन-तीन पत्रे माझ्याकडे येतात आणि ती बहुतेक वेळा बायकांचीच असतात.

शपथ ज्याने घेतली त्याचीच असते. आपल्या यजमानांना स्वतःच्या मतापुरती शपथ घेता आली असती, आपल्या मताची नाही, कारण ते त्यांचे नव्हतेच. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू दान देऊन पुण्य लागत नाही, तसेच दुसऱ्याच्या विवेकावर शपथ घेऊन त्याला बांधता येत नाही. आणि जी शपथ अंधारात, पाकिटासमोर, चार माणसे दारात उभी असताना घेतली गेली, ती यजमानांना तरी कितपत बांधते, हा प्रश्नच आहे.

महाभारताच्या कर्णपर्वात हाच पेच आला आहे. ‘गांडीव दुसऱ्याला देऊन टाक’ असे जो म्हणेल त्याचा वध करीन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती. कर्णाकडून जखमी होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर रागाच्या भरात नेमके तेच बोलला आणि अर्जुनाने थोरल्या भावावर तलवार उपसली. तेव्हा श्रीकृष्णाने त्याला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगितली. सदैव खरेच बोलायचे, असे व्रत घेतलेल्या कौशिकाने लुटारूंना लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा सांगितला. ती माणसे मारली गेली आणि व्रत तंतोतंत पाळूनही कौशिक नरकात गेला. ज्या प्रतिज्ञेने दुसऱ्यावर अन्याय होतो ती पाळण्यात धर्म नाही, हे तिथे प्रत्यक्ष भगवंताच्या तोंडून आले आहे. खंडोबाच्या नावाने त्याहून वेगळा नियम कोणी लावू लागला, तर तो नियम लावणाऱ्याचा हेतू तपासावा.

भंडारा म्हणजे तरी काय, तर हळद. सोमवती अमावास्येला जेजुरीची पालखी कऱ्हा नदीवर स्नानाला निघते तेव्हा तो मुठीमुठीने उधळला जातो. गर्दीत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या केसांत, पापण्यांवर, सदऱ्याच्या शिवणीत तो जाऊन बसतो, आणि अंगावर पडताना कोणाची जात विचारत नाही. उधळण्याची ही वस्तू धमकीसाठी ताटात मांडणे, हाच मला त्या दैवताचा खरा अपमान वाटतो आणि तो आपण केलेला नाही.

आपल्या कायद्यानेही हे ओळखले आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२३ प्रमाणे, अमक्याला मत दिले नाही तर देवाचा कोप होईल किंवा धार्मिक दोष लागेल, असे मतदाराच्या मनात भरवणे हा गैरवाजवी दबाव आहे आणि तो भ्रष्ट आचार ठरतो. पैसे देणे हा वेगळा भ्रष्ट आचार आहेच. त्याच कलमाखाली धर्माच्या नावाने मते मागण्यासही बंदी आहे. २ जानेवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने स्पष्ट केले की ही बंदी केवळ उमेदवाराच्या धर्मापुरती नसून मतदाराच्या धर्माच्या आधारे केलेल्या आवाहनालाही लागू आहे. कायदा केवळ कागदावर राहिला असेही नाही. १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतील विजयी उमेदवाराची निवड प्रचारातील धार्मिक आवाहनांमुळे रद्द झाली आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. देवळाच्या आवारात राजकीय प्रचार करण्यास तर १९८८ पासून वेगळ्या कायद्यानेच मनाई आहे.

मग धर्माने राजकारणाबद्दल बोलूच नये का, असे कोणी विचारील. बोलावे, अवश्य बोलावे. गाडगेमहाराज कीर्तनात दारू, कर्ज, पशुबळी आणि शिवाशीव यांवर समोरच्या माणसांना उलटे प्रश्न विचारत, आणि ती माणसे मान खाली घालून उत्तरे देत. ते बोलणे राजकारणाला झोंबणारेच होते, परंतु त्यात कोणाचे चिन्ह नव्हते. पाणी कोणाच्या शेतात जाते, रेशन कोण खाते, गावात दारू कोणाच्या आशीर्वादाने विकली जाते, हे कीर्तनकाराने विचारावे. उत्तर कोणत्या बटणावर आहे, हे मात्र श्रोत्यावर सोडावे. मतदानयंत्राशेजारच्या खिडकीत चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते, तेवढा वेळ तिथे आपण आणि आपला देव, एवढेच असायला हवेत.

यजमानांना खरे सांगायचे की नाही, हे आपणच ठरवा. तसे सांगण्याचे कोणतेही बंधन आपल्यावर नाही. सासूबाईंच्या मनाची रुखरुख जात नसेल तर मुलाचे प्लास्टर निघाल्यावर त्याला घेऊन जेजुरीला जा आणि तळी भरा. मात्र मूल बरे झाले या आनंदाने भरा, दंड म्हणून नको.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे, चाळीस वर्षांचे माळकरी. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून १९ दिवस ते कृत्रिम श्वासयंत्रावर आहेत. शुद्धीवर येण्याची आशा नाही, असे डॉक्टरांनी दोनदा सांगितले आहे. धडधाकट असताना ते आम्हा सर्वांना म्हणत, ‘मला नळ्या लावून ठेवू नका.’ लिहून मात्र काही ठेवलेले नाही. धाकटी बहीण म्हणते, जीव देवाने दिला, तो देवच नेईल, यंत्र काढणे म्हणजे हत्या. नात्यातले एक महाराज याला आत्महत्येचे पाप म्हणतात. मी रात्र रात्र जागा आहे. मार्ग सांगावा.
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपले पत्र मी दोन वेळा वाचले आणि उत्तर द्यायला उशीर नको म्हणून आपल्याला आधी स्वतंत्रपणे कळवले. येथे देत आहे ते अशाच अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या इतरांसाठीही आहे.

प्रथम शब्द नीट वापरू. इंजेक्शन देऊन जीव घेणे वेगळे, आणि ज्या उपचाराने माणूस बरा होणार नाही, केवळ त्याचे मरण लांबणार आहे, तो उपचार थांबवून देहाला त्याच्या वाटेने जाऊ देणे वेगळे. पहिली गोष्ट आपल्या देशात गुन्हा आहे. दुसरीला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून बेशुद्धावस्थेत असलेल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात २०११ मध्ये त्याची सुरुवात झाली. त्यांच्याबाबत मात्र परवानगी मिळाली नाही, कारण वर्षानुवर्षे त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांना त्या जगायला हव्या होत्या. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, आणि जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठीची किचकट कार्यपद्धती सोपी केली. वडिलांनी काही लिहून ठेवलेले नसले तरी वाट बंद होत नाही. रुग्णालयाचे प्राथमिक वैद्यकीय मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ, असे दोघांचे मत घेऊन कुटुंबाच्या संमतीने निर्णय होतो. दुसऱ्या मंडळावर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला डॉक्टर असतो, आणि निर्णय अमलात आणण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे ‘मंडळ बसवा’ अशी लेखी मागणी करावी.

आता पापाविषयी. ज्याला महाराज आत्महत्या म्हणत आहेत, तिच्यात माणूस जगणे नाकारतो. आपल्या वडिलांनी जगणे नाकारले नव्हते, त्यांनी नळ्या नाकारल्या होत्या. विनोबा भावे नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारच्या आश्रमात हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध नाकारून शांतपणे पडून राहिले आणि १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवशी, गेले. त्यांना आत्मघातकी म्हणणारा कोणी असेल, पण ज्यांनी त्यांची गीतेवरील प्रवचने वाचली आहेत त्यांच्या तोंडून तो शब्द निघणार नाही. जैनांच्या संथाऱ्याला, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस अन्नपाणी सोडण्याच्या व्रताला, राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये आत्महत्या ठरवले, तेव्हा जैन समाज लाखोंच्या संख्येने रस्त्यावर आला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. कॅथलिक चर्च जीवनाच्या पावित्र्याबाबत अत्यंत कडक आहे, तरीही १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी भूलतज्ज्ञांपुढे बोलताना सांगितले होते की असामान्य उपाय शेवटपर्यंत चालू ठेवण्याचे बंधन रुग्णावर किंवा डॉक्टरांवर नाही. परंपरा वेगवेगळ्या आहेत आणि त्यांच्यात खरे मतभेद आहेत, पण मरण रोखून धरणे म्हणजेच धर्म, असे यांपैकी कोणीही म्हटलेले नाही.

बहिणीशी वाद घालू नका. तिचे म्हणणे प्रेमातून आले आहे. कदाचित तिला डॉक्टरांचे बोलणे कोणीतरी सांगून कळले आहे, स्वतः ऐकायला मिळालेले नाही. तिला डॉक्टरांसमोर बसवा आणि जे विचारायचे ते तिलाच विचारू द्या. माझ्या थोरल्या आत्याच्या वेळी आम्हा भावंडांत असाच अबोला होता. परिचारिकेने तिच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून एका छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती आणि ती पिशवी चिकटपट्टीने खाटेच्या दांडीला लावून ठेवली होती. अकराव्या दिवशी माझी बहीण ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली आणि मग डॉक्टरांना म्हणाली, ‘हिला परत घालता येईल का?’ तोपर्यंत आम्ही सगळे आपापल्या पुण्याचा विचार करत होतो. आत्याला काय हवे असेल, हे पहिल्यांदा तिने विचारले.

आणखी एक गोष्ट, आणि तीही मोकळेपणाने. रुग्णालयाच्या बिलाचा विचार मनात येत असेल तर त्याची लाज बाळगू नका, पण तो लपवूही नका. पैशाचे कारण धर्माच्या किंवा वडिलांच्या इच्छेच्या मागे दडवले की पुढे वर्षानुवर्षे मन खात राहते. कारणे वेगळी करून घरच्यांसमोर मांडा. वडिलांचे बोलणे ज्यांनी ज्यांनी ऐकले आहे त्यांना एकत्र बसवून ते केव्हा, कोणत्या शब्दांत बोलले, हे लिहून काढा. यंत्र काढल्यानंतरही वेदनाशमनाची सेवा चालू राहते, ती मागून घ्या. त्या वेळी हरिपाठ म्हणायचा असेल तर तशी परवानगी आधीच मागा. विचारल्यास अशी परवानगी रुग्णालये सहसा देतात.

प्रश्न : आमच्या इमारतीला लागून एक प्रार्थनास्थळ आहे. सणाच्या दिवसांत मध्यरात्रीपर्यंत ध्वनिक्षेपक चालतो. मी त्याच धर्माचा आहे. तक्रार केली तर धर्मद्रोही ठरेन, न केली तर बारावीतल्या मुलीचे नुकसान.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तक्रार करा. कोणत्या धर्माचे स्थळ ते आपण लिहिलेले नाही, आणि ते बरेच झाले, कारण त्याने उत्तर बदलत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक वापरता येत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही सीमा आहे. ध्वनिक्षेपक लावणे हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटले आहे, आणि त्यासाठी न्यायालयाची खरे तर गरजही नव्हती. हे यंत्र आले विसाव्या शतकात, प्रार्थना त्याआधी कितीतरी शतके चालूच होत्या. आपण त्याच धर्माचे असल्याने आपल्या तक्रारीला अधिक वजन आहे. आधी विश्वस्तांना प्रत्यक्ष भेटा, मुलीला सोबत न्या, आणि तिचे परीक्षेचे वेळापत्रक त्यांच्या हातात द्या. तेवढ्याने भागले नाही तर पोलिसांकडे जा. दुसऱ्या धर्माच्या भोंग्याविरुद्ध घोषणा देणारी पुष्कळ माणसे आपल्याला मदतीला येऊ पाहतील. त्यांना मात्र सोबत घेऊ नका, कारण त्यांना आपल्या मुलीच्या झोपेशी कर्तव्य नाही.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची, नोकरी करणारी. तिने वेगळ्या धर्मातील मुलाशी विवाह करायचे ठरवले आहे. मुलगा सालस आहे, त्याला मी तीनदा भेटलो. परंतु आमच्या समाजाच्या पंचांनी निरोप पाठवला आहे की लग्न झाले तर आमच्या घरी कोणी पाणी पिणार नाही, आणि धाकट्या मुलाच्या लग्नालाही कोणी उभे राहणार नाही. मुलाने धर्म बदलला तर चालेल, असेही सुचवले आहे. मी धार्मिक माणूस आहे. देवापुढे मी काय उत्तर देऊ?
— एक वडील, नाशिक जिल्हा

उत्तर : आपल्या मनात दोन दुःखे एकमेकांत मिसळली आहेत, ती वेगळी करून पाहावीत. मुलगी ज्या घरात जाईल तिथे आपली आरती नसेल, नातवंडांच्या तोंडी कदाचित आपले स्तोत्र नसेल, हे दुःख खरे आहे आणि त्याला ‘जुनाट’ म्हणून हिणवणारा माणूस आपला हितचिंतक नव्हे. ते मुलीला सांगा. तिने ते ऐकून घ्यावे, अशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे. ऐकून घेऊनही ती आपला निर्णय बदलणार नाही, हेही धरून चाला. दुसरे दुःख पंचांनी लादलेले आहे. ते धर्माच्या नावाने बोलत असले तरी त्यांच्या निरोपात देवाचा शब्द कुठे आहे? त्यात आहे ती केवळ पंगतीतून उठवण्याची धमकी.

मुलाने धर्म बदलावा ही सूचना तर मला सर्वांत अधिक त्रासदायक वाटते. लग्नाची परवानगी म्हणून केलेल्या धर्मांतरात तो मुलगा त्याच्या देवाशी खोटे बोलेल आणि आपल्या देवाशीही. त्याला खरोखर ओढ वाटली तर ती गोष्ट निराळी, आणि तिला वर्षे लागतात. विशेष विवाह कायदा, १९५४ याच साठी आहे. त्याखाली दोघांपैकी कोणालाही धर्म बदलावा लागत नाही. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती ३० दिवस लावलेली असते आणि त्या काळात कायदेशीर कारणावरूनच हरकत घेता येते. कोणाला लग्न पसंत नाही, हे कारण त्यात बसत नाही. या कायद्याखाली अन्य धर्मीयाशी विवाह झाल्यास हिंदू एकत्र कुटुंबातील व्यक्ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते आणि वारशाचे नियमही बदलू शकतात, त्यामुळे घर किंवा शेती सामायिक असेल तर वकिलाला आधीच भेटा. यावर फार थोडी कुटुंबे आधी विचार करतात आणि पुढे भावाबहिणींत कटुता येते.

बहिष्काराच्या धमकीबाबत महाराष्ट्राने देशात पहिल्यांदा स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू आहे. कोणत्या जातीत किंवा धर्मात लग्न केले म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणे हा त्याखाली गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पंचांची बैठक भरवणे आणि तीत असा ठराव करणे हेही त्यात येते. सज्ञान व्यक्तींच्या विवाहात पंचायतींनी हस्तक्षेप करणे बेकायदा आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही मार्च २०१८ मध्ये बजावले आहे.

निरोप तोंडी आला असेल तर कोण आले, कोणत्या दिवशी, काय बोलले, हे आजच वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर संदेश आला असेल तर तो पुसू नका. त्या पंचांपैकी ज्यांच्याशी आपले पूर्वीपासून जाणे-येणे आहे, अशा एकाला घरी बोलवा आणि मुलीसमोर, त्या मुलासमोर, तोच निरोप पुन्हा द्यायला सांगा. पुष्कळांना ते जमत नाही, असा माझा अनुभव आहे. तरीही बहिष्कार पडलाच तर आपण स्वतः किंवा घरातील कोणीही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार करू शकता. धाकट्या मुलालाही आताच विश्वासात घ्या. त्याच्या लग्नाचा धाक आपल्याला घातला जात आहे, आणि त्याचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे आपल्या पत्रात कुठेच नाही.